चरित्रपटात न घडलेला सीन चालेल का? मला गाळलेली माणसं जास्त खटकतात

तुम्ही विचारलंय की एखाद्या कार्यकर्त्यावर सिनेमा काढताना दिग्दर्शकाने न घडलेला प्रसंग घातला तर ती प्रेक्षकाची फसवणूक का. माझं मत सांगतो, एखादा रचलेला सीन मी सहन करतो, पण घडलेल्या गोष्टीतली माणसं गाळली की मला राग येतो.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत पाणी वाटायला आम्ही पोरं दरवर्षी असायचो, त्यामुळे महाडची गोष्ट मला वाचायच्या आधी ऐकूनच पाठ होती. बाबासाहेब गेले, चवदार तळ्याचं पाणी प्यायले, बस, एवढीच. सिनेमावाल्यालाही हेच पुरतं, तळं, ओंजळ आणि मागे मोठं म्युझिक. आणि २० मार्च १९२७ ला ते घडलंच आहे, त्यात खोटं काही नाही.

पण मोठेपणी नीट वाचलं तेव्हा कळलं की त्या ओंजळीच्या मागे केवढं काय काय होतं. आपल्या मुंबईच्या सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, मग १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला म्हणून तर महाडला अस्पृश्यांची परिषद भरली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे हे सवर्ण कार्यकर्ते तिथे राबत होते. पाणी पिऊन लोक मांडवात परत आले तर गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि जेवायला बसलेल्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला.

आणि डिसेंबर तर कुठल्याही स्क्रिप्ट रायटरला सुचणार नाही असा आहे. पुन्हा सत्याग्रह ठरलेला, बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून लोकांबरोबर चालत महाडला गेले, २५ तारखेला रात्री मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. हजारो लोक जेलमध्ये जायच्या तयारीने आलेले, पण तोवर कोर्टाने तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली होती, आणि बाबासाहेबांनी एवढ्या पेटलेल्या लोकांना समजावून सत्याग्रह थांबवला. मग केस चालली नऊ वर्षांहून जास्त, हायकोर्टाचा निकाल आला १९३७ च्या मार्चमध्ये. आता हा सीन कोण लिहिणार सांगा, की हीरो लोकांना तळ्यावर नेण्याऐवजी थांबवतो? बहुतेक जण कोर्ट गाळतील आणि मोर्चा परत तळ्यावर नेतील, टाळ्या पडतील म्हणून. माझ्या मते तिथे खरा नेताही गेला आणि खरं नाट्यही गेलं.

बाकी सूट मी देतो. घरात बाबासाहेब आणि रमाबाई रात्री काय बोलले ते कोणी टिपून ठेवलेलं नाही, लेखकाला ते रचावंच लागणार, फक्त त्या माणसांच्या स्वभावाला धरून रचा. दोन सभांची एक केली तरी चालेल, परळ सेटवर उभं केलं तरी चालेल.

पण पूर्ण माणूसच नाही म्हणजे काय ते बघा. १९८२ चा 'गांधी', तीन तासांहून मोठा, आठ ऑस्कर मिळालेला, आणि त्यात आंबेडकर हे पात्रच नाही. कुठलाही खोटा डायलॉग न घालता केवढी चुकीची गोष्ट सांगता येते! मागे एकदा टीव्हीवर लागला होता, माझी भाची सातवीत होती तेव्हा, संपल्यावर मला म्हणाली, मामा, तेव्हा बाबासाहेब कुठे होते? मी तिला गोलमेज परिषद, गांधींचा येरवड्यातला उपास, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, सगळं सांगत बसलो, ताई दोनदा जेवायला हाक मारून गेली तरी ती उठली नाही.