वाचकांचे प्रश्न : लहान मुलांचा दमा

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. सहा महिन्यांत दोनदा तिला दम्यासाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं. पहिल्या वेळेनंतर ती छान खेळू लागली, म्हणून रोजचा पंप बंद केला. सवय लागेल अशी भीतीही होती. दुसऱ्या वेळी घरी तातडीचा पंप दिला, पण धाप कमी झाली नाही. नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारं यंत्र) घ्यावा का? रुग्णालयात कधी न्यायचं?

उत्तर : पंपाची सवय लागत नाही. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवतं. मूल खेळू लागतं ते त्या औषधामुळेच. बंद केलं की सूज गुपचूप परत येते आणि पुढच्या सर्दीत नलिका आकसतात. या वयात बहुतेक झटके सर्दीच्या विषाणूंनीच येतात. स्टेरॉइडने उंची कमी राहील अशी काळजी वाटत असेल, तर फरक पडलाच तरी तो साधारण सेंटिमीटरभराचा असतो. डोस कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तातडीच्या पंपाने गुण आला नाही, तर आधी पद्धत तपासा. या वयात मास्क लावलेला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ नळी) हवाच. पंप हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, एकच फवारा मारा आणि मुलीला पाच-सहा श्वास घेऊ द्या. मग पंप पुन्हा हलवून दुसरा. दोन फवारे एकदम मारले तर औषध स्पेसरच्या भिंतींना चिकटून वाया जातं. मूल रडत असताना फुप्फुसात फार थोडं औषध पोहोचतं. म्हणून ती बरी असतानाच मास्क खेळण्यासारखा हाताळू द्या. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन निथळत ठेवा. फडक्याने पुसला की स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध आतच अडकतं. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, चेहरा पुसा.

नेब्युलायझरची घाई नको. नीट वापरलेला स्पेसर साध्या झटक्यात तितकाच उपयोगी पडतो, शिवाय लवकर आटोपतो.

झटका आला की तातडीच्या पंपाचे, म्हणजे सालब्युटामॉलचे (१०० मायक्रोग्रॅमचा पंप) दोन फवारे द्या. गरज पडली तर २० मिनिटांच्या अंतराने आणखी दोनदा. दोन तासांत सहाहून जास्त फवारे लागले, तर थांबू नका, रुग्णालय गाठा. बरगड्यांमध्ये खळगे पडणं, नाकपुड्या फुलणं, बोलताना किंवा पाणी पिताना दम लागणं, शांत असताना मिनिटाला ४० हून जास्त श्वास, यातलं काहीही दिसलं तर फवारे मोजत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. ओठ निळसर झाले किंवा मूल सुस्तावलं, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि वाटेत फवारे देत राहा. छातीतली घरघर अचानक थांबली पण धाप तशीच आहे, हे सुधारल्याचं लक्षण नव्हे. हवा आत-बाहेर होणंच कमी झालेलं असतं. इथेच घरच्यांची फसगत होते.

घरात कुणी धूम्रपान करत असेल तर ते बंदच व्हायला हवं. गच्चीत जाऊन ओढलं तरी कपड्यांतून धूर घरात येतो. रुग्णालयातून घरी सोडल्यावर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना पुन्हा दाखवा, आणि कोणतं औषध कधी व किती हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. त्याची एक प्रत बालवाडीतल्या बाईंकडे द्या.