हंडा डोक्यावर, पाय घसरतात: कॅरेक्टर ॲनिमेशनची प्रश्नोत्तरे

मराठवाड्यातल्या ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी शॉर्ट फिल्म करताना अडलेल्या जागा कळवल्या आहेत. बहुतेकांकडे ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आहे आणि फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, म्हणून उत्तरंही त्याच हिशोबानं दिली आहेत.

डोक्यावर हंडा घेतलेली बाई चालते आहे. वॉक सायकल (पुन्हा पुन्हा चालवायची दोन पावलांची चाल) जागेवर छान दिसते, पण पुढे सरकवली की पाय घसरतात. शिवाय हंड्याला वजनच वाटत नाही. (लातूर)

आधी घसरणं. डोक्यावर ओझं असलं की पावलं लहान पडतात. एक पाऊल ५० सेंटिमीटर धरा, म्हणजे दोन पावलांच्या एका सायकलला १ मीटर. सायकल २८ फ्रेमची करा. टाच टेकण्याच्या पोझ १, १५ आणि २९ वर येतील, तर पाय एकमेकांशेजारून जाण्याच्या ८ आणि २२ वर. आता रूट कंट्रोलला (अख्खं पात्र हलवणारा कंट्रोल) १ल्या फ्रेमवर शून्य आणि २९व्या फ्रेमवर १ मीटर अशी की (त्या फ्रेमवरच्या जागेची नोंद) द्या आणि कर्व्ह, म्हणजे दोन कींमधला हालचालीचा आलेख, लिनियर (सरळ रेषेत) करा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. बेझिए म्हणजे वळणदार कर्व्ह तसाच राहिला तर शरीर सुरुवातीला सावकाश आणि मध्ये वेगात जातं, पाय मात्र एकाच वेगानं मागे येत असतात. घसरणारच. टेकलेल्या पायाचा मागे येणारा कर्व्हही टेकल्यापासून उचलेपर्यंत सरळ रेषेतच हवा.

तरीही घसरत असेल तर रिगचा (पात्र हलवणाऱ्या सांगाड्याचा) स्केल बघा. कॅरेक्टर ०.८ केलं असेल तर सायकलचं अंतरही ०.८ मीटर होतं, रूट मात्र अजून १ मीटरच जात असतो. टेकलेल्या टाचेजवळ एक छोटा क्यूब ठेवून एकेक फ्रेम पुढे न्या. टाच क्यूबपासून हलली की कुठल्या फ्रेमला हलली ते लगेच दिसतं.

आता वजन. रिकाम्या चालीत डोकं ४-५ सेंटिमीटर वरखाली होतं. भरल्या हंड्याखाली ते १-२ सेंटिमीटरवर आणा. ही हालचाल मुरवायची असते गुडघ्यांनी आणि कमरेनं. त्यामुळे गुडघे कधीच पूर्ण ताठ होऊ देऊ नका आणि कमरेचा डावा-उजवा झोल वाढवा. १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो, वर भांड्याचं वजन वेगळं. एवढं डोक्यावर असताना कुणी मान वळवून बघत नाही. आधी डोळे जातात, मग पावलं आणि खांद्यांसकट अख्खं अंग वळतं. हा एकच बदल केलात तरी शॉट निम्मा सुधारेल.

हंडा रिगमधल्या डोक्याच्या बोनला (हाडाला) जोडा, हाताला नाही. हात आयके करून (पंजा ठेवाल तिथं कोपर आपोआप जुळतं) हंड्याच्या काठाला धरायला लावा. उलटं केलं तर हाताच्या प्रत्येक हालचालीबरोबर हंडा डुगडुगतो. आणि चुंबळ मॉडेल करायला विसरू नका. ती नसली की धातू थेट केसांत रुतलेला दिसतो.

ब्लॉकिंगमध्ये शॉट झकास होता. स्प्लाइन केल्यावर पात्र पाण्यात तरंगल्यासारखं झालं. (परभणी)

ब्लॉकिंगला, म्हणजे नुसत्या मुख्य पोझ मांडताना, की कमी होत्या, एवढाच त्याचा अर्थ. ब्लॉकिंगच्या कॉन्स्टंट कर्व्हमध्ये पुढच्या कीपर्यंत पोझ थांबलेली असते, म्हणून ती ठसते. स्प्लाइन केलं, म्हणजे कर्व्ह वळणदार केले, की ब्लेंडर दोन पोझमधला सगळा वेळ हालचालीत वाटून टाकतो आणि थांबणं नाहीसं होतं. १ल्या फ्रेमवर उभा आणि २४व्या फ्रेमवर वाकलेला असेल तर तो सेकंदभर वाकतच राहील. खरं तर १४व्या फ्रेमपर्यंत त्यानं उभंच राहायला हवं आणि पुढच्या १० फ्रेममध्ये वाकायला हवं. म्हणून १४व्या फ्रेमवर उभ्या पोझची कॉपी ठेवा, पण तंतोतंत तीच नको. छाती किंचित खाली, नजर थोडी हललेली, एवढा फरक ठेवला म्हणजे थांबलेलं पात्र पुतळा होत नाही. स्प्लाइनला हात लावण्याआधी दर ४ ते ६ फ्रेमला एक विचारपूर्वक पोझ असायला हवी.

सगळ्या कंट्रोलच्या की एकाच फ्रेमवर असल्या तर अख्खं अंग एकदम थांबतं. कंबर आधी, छाती २ फ्रेमनंतर, डोकं आणि मनगट त्याहून उशिरा, असं सरकवा. स्प्लाइनही एका दमात सगळ्या अंगाला करू नका. कमरेचे कर्व्ह नीट होईपर्यंत बाकीचं तसंच राहू द्या, कारण कंबर बदलली की वरचं सगळं पुन्हा करावं लागतं. हात मध्येच गर्रकन फिरत असेल तर तो युलरचा (तीन अक्षांभोवती फिरण्याच्या कोनांचा) घोळ आहे. ग्राफ एडिटरमधला युलर फिल्टर वापरा.

आजीचा संवाद आहे, "माय, नळाला पाणी आलं बघ." ओठ जुळलेत, तरी खोटं वाटतं. (नांदेड)

प्रत्येक अक्षराला तोंड उघडलं असणार. या वाक्यात ओठ पक्के मिटतात ते तीनच ठिकाणी: म, प आणि ब. ते तीन सांभाळा, प्रत्येकी निदान २ फ्रेम पूर्ण बंद. तोंडाचा आकार आवाजाच्या १-२ फ्रेम आधी आणा, बरोबर आवाजावर ठेवला तर डोळ्यांना तो उशिरा आल्यासारखा वाटतो. जबडा सगळ्यात मोठा "आलं"ला, "पाणी"ला त्याच्या निम्मा, आणि "नळाला"मध्ये जीभच काम करते, जबडा जवळपास स्थिर.

इंटरनेटवरचे तोंडाचे तक्ते इंग्रजीसाठी बनवलेले असतात. त्यांत फ म्हणजे दातांवर ओठ. तुमच्या आजीनं "फळ" म्हणताना ओठ मिटले असतील तर तक्ता बाजूला ठेवा आणि रेकॉर्डिंग ऐका. व्हॉइस देणाऱ्या माणसाचा चेहरा मोबाइलवर शूट केलेला असेल तर निम्मं काम झालं.

पण खोटं वाटण्याचं मोठं कारण ओठांत नसतंच. ओठ पूर्ण बंद ठेवून शॉट चालवा. मान, भुवया आणि खांद्यांवरून आजी आनंदानं सांगते आहे हे कळत नसेल तर ओठ कितीही घासा, उपयोग नाही. "आलं"वर जोर आहे, तर डोक्याची हालचाल त्याच्या ३-४ फ्रेम आधी सुरू व्हायला हवी.

बैलजोडी गाडी ओढते. बैलांची चाल घोड्याच्या दुडकीसारखी दिसते. (धाराशिव)

तिरपे पाय, म्हणजे मागचा डावा आणि पुढचा उजवा, तुम्ही एकाच वेळी टेकवलेत, म्हणून. बैलाच्या चालीचा क्रम असा: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. ३२ फ्रेमच्या सायकलमध्ये ते १, ९, १७ आणि २५ वर टेकवा. दुसऱ्या बैलाला तीच सायकल ५-६ फ्रेम पुढे सरकवून द्या, नाहीतर जोडी कवायत करते आहे असं वाटेल. जू वशिंडाच्या पुढे मानेवर बसतं, त्यामुळे मोकळ्या बैलासारखी मान हलवू नका. चाकाला हातानं की देण्यापेक्षा ड्रायव्हर (सूत्रावरून किंमत काढणारी सोय) लावा: गाडीनं कापलेलं अंतर भागिले चाकाची त्रिज्या, उत्तर रेडियनमध्ये.

रात्री रेंडर लावला, लाइट गेली, फाइल उघडेना. (बीड)

थेट एमपी४ काढू नका, पीएनजीची सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र) काढा. आउटपुटमधलं ओव्हरराइट बंद ठेवा, म्हणजे लाइट आल्यावर पुन्हा रेंडर लावला की झालेल्या फ्रेम वगळून पुढे चालू होतं. प्लेसहोल्डर हा पर्याय एकाच मशीनवर बंदच असू द्या. तो चालू असला तर अर्धवट राहिलेल्या फ्रेमची रिकामी फाइल मागे उरते आणि ब्लेंडर तिला झालेली समजतो. कसंही असलं तरी शेवटच्या फाइलचा आकार बघा, संशय आला तर उडवा.

सिक्वेन्स एडिटिंगला नेताना तिथला वेग २४ आहे ना, तेही तपासा. काही सॉफ्टवेअर आपणहून २५ किंवा ३० धरतात. ४८० फ्रेमचा २० सेकंदांचा शॉट २५ वर १९.२ सेकंदांत संपतो आणि शेवटाकडे ओठ आवाजाच्या पाऊण सेकंदाहून जास्त पुढे गेलेले असतात. असं झालं तर ओठांच्या की हलवत बसू नका, इंपोर्टची सेटिंग बदला.