आप्पा बाहेर का बसले होते?

पत्र खानापूर तालुक्यातून आलंय. नाव-गाव गाळून मुद्द्याचं तेवढं देते.

"अक्का, आमचे आप्पा ७४ वर्षांचे. गेल्या श्रावणात न्यूमोनिया होऊन बेळगावला आठ दिवस ॲडमिट होते. ताप असा नव्हताच, नुसतं बरळत होते, भाकरी नको म्हणत होते, आम्हाला वाटलं वयामुळं. आता बरे आहेत. पूर्वी विडी ओढायचे, चढावर दम लागतो. दिवाळीनंतर तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितली. डॉक्टर हुबळीकडचे, मराठी मोडकंतोडकं बोलतात, म्हणून मीच आत जाऊन कन्नडमधून सगळं बोलून घेतलं, आप्पा बाहेर बाकावर बसले होते. पैसे भरायलाही तयार होतो. पण 'मला नको' म्हणाले ते आजतागायत नकोच. करोनाची लस गावात सगळ्यांच्या आधी यांनीच घेतली होती, आता डोक्यात काय भरलंय कळत नाही. मी ५२ वर्षांचा, मला शुगर आहे. डॉक्टर मलाही घ्या म्हणाले, पण आधी आप्पांचं होऊ दे. बायको, बहीण, गल्लीतले मास्तर, सगळ्यांनी सांगून झालं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट मोडायचा कसा?"

हट्टाचं नंतर बघू. आधी मला सांगा, तपासणी कुणाची होती? आप्पांची. फुप्फुस आप्पांचं, सुई टोचायची आप्पांच्या दंडात, आणि आप्पा बाहेर बाकावर! तुम्ही आत जाऊन डॉक्टरांशी बोललात, ठरवून बाहेर आलात आणि त्यांना निकाल सांगितलात. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तेव्हा बैलाला कुणी विचारत नाही. तसंच झालं की हे.

तुम्ही काळजीनं केलंत हे मला दिसतंय. पैशाला मागं हटला नाहीत, तेही दिसतंय. पण त्याबद्दल तुमची पाठ थोपटायला मी आज बसलेली नाही. करोनाच्या वेळी जो माणूस सगळ्यांच्या आधी रांगेत उभा राहिला, त्याला सुईची भीती नाही आणि लसीचं वावडंही नाही. त्या रांगेत ते स्वतः गेले होते, स्वतः विचारून, स्वतः ठरवून. या वेळी फरक पडला तो एवढाच. आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत, तर बायकोला पाठवलंत, बहिणीला पाठवलंत, मास्तरांना पाठवलंत. आप्पांना डॉक्टरकडं मात्र अजून पाठवलेलं नाही. आपल्याकडची माणसं १९५६ पासून सीमाप्रश्नाच्या एका मुद्द्यावर अडून बसलेली आहेत, त्यातल्या एकाला तुम्ही मास्तरांच्या तोंडून चार गोष्टी ऐकवून वळवायला निघालात!

म्हणून माझं सांगणं एकच. परत अपॉइंटमेंट घ्या. या वेळी आप्पा आत जातील आणि बाकावर तुम्ही बसाल. डॉक्टरांचं मराठी मोडकं तर आप्पांचं कन्नडही मोडकंच असणार. आठवडी बाजारात दोन्ही भाषांची मोडतोड करून आयुष्यभर मिरच्या आणि बैल घेतले त्यांनी, दंडातली एक सुई त्यांना ठरवता येईल. अडलंच तर दवाखान्यात मराठी येणारी एखादी सिस्टर असतेच. त्यांनी हाक मारली तरच तुम्ही आत जायचं.

ते काय विचारतील याचा मला साधारण अंदाज आहे. पहिला प्रश्न: एकदा होऊन गेलं, आता परत लस कशाला? रास्त प्रश्न आहे. हा आजार पुष्कळ जंतूंमुळे होतो, त्यातला मोठा गुन्हेगार न्यूमोकोकस. त्याचे शंभरावर प्रकार आहेत, एकाशी झुंज झाली म्हणून बाकीचे ओळख ठेवत नाहीत. उलट ज्याला एकदा न्यूमोनिया झाला, विडीनं ज्याची छाती आधीच खराब झालीय, त्याला तो पुन्हा गाठण्याची शक्यता जास्त. करोनाची लस इथं कामाची नाही. तो विषाणू, हा जंतू.

दुसरा प्रश्न: ही घेतली की होणारच नाही का? इथं डॉक्टरांनी खरं सांगायला हवं, आणि खरं हे की तशी हमी नाही. नेदरलँड्समध्ये ६५ च्या पुढच्या सुमारे ८४ हजार माणसांवर १३ प्रकारांच्या लसीची चाचणी झाली, २०१५ साली तिचे निकाल छापून आले. लसीत जे प्रकार होते त्यांच्यामुळे होणारा न्यूमोनिया जवळजवळ ४५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तेच जंतू रक्तात वगैरे शिरून होणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी. बाकीच्या जंतूंना ती हात लावत नाही. मला विचाराल तर श्रावणातले ते आठ दिवस आठवून एवढंही पुष्कळ आहे. पण हा हिशेब आप्पांनी करायचा.

पैशाचं ते विचारतीलच, आणि तुम्ही "तुम्हाला काय करायचंय पैशाचं" म्हणून गप्प करू नका. लस हजारांत जाते. मोठ्या माणसांना ती सरकारी कार्यक्रमात फुकट मिळत नाही. घरात २०२२ नंतर जन्मलेलं नातवंड असेल तर त्याला मिळाली असणार, दीड महिन्याचं, साडेतीन महिन्यांचं आणि नऊ महिन्यांचं असताना. हे आप्पांना जरूर सांगा, नातवाच्या मांडीत टोचलेलं आजोबाला परकं वाटत नाही. कोणती लस, तेही त्यांनीच विचारावं. आता २० प्रकारांची मिळते, ती एकदाच घ्यायची. १३ ची घेतली तर साधारण वर्षानं २३ प्रकारांची दुसरी लागते. दंड दुखतो, कधी दिवसभर कणकण राहते. लसीत जिवंत जंतू नसतो, त्यामुळं तिच्यानं न्यूमोनिया होणं शक्य नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पूर्वी कुठल्या सुईची जोरात ॲलर्जी आली असेल तर टोचायच्या आधी सांगायचं. फ्लूची लस वेगळी, ती दरवर्षी घ्यावी लागते. दोन्ही एका दिवशी दोन दंडांत चालतात. फ्लूनं छाती कमजोर केली की मागोमाग हा न्यूमोकोकस शिरतो, म्हणून तीही विचारून ठेवा.

हे सगळं मृग लागायच्या आत झालं पाहिजे. शरीराला तयारी करायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि खानापूरचा पाऊस एकदा धरला की आप्पांना घेऊन बेळगावला जाणं तुम्ही पुढं ढकलणार, मला माहीत आहे.

आणि सगळं ऐकूनही ते नाही म्हणाले तर? तर नाही. मास्तरांना परत पाठवायचं नाही. पण तसं होईलसं मला वाटत नाही.

तुमच्या शुगरचं तुम्ही असं उरकलंत जणू शेजाऱ्याची आहे. अमेरिकेनं २०२४ च्या ऑक्टोबरात या लसीचं वय ६५ वरून ५० वर आणलं, आणि शुगर असलेल्याला तर त्याआधीही सांगतच होते. "आधी आप्पांचं होऊ दे" म्हणत आप्पांच्या नावाखाली तुम्ही तुमचं टाळताय. अपॉइंटमेंट दोघांची घ्या. ते काहीही ठरवोत, तुम्ही त्याच दिवशी टोचून घ्यायचं.

आणखी एक. बरळणं आणि भाकरी नको म्हणणं हे तुम्ही वयावर घातलंत. म्हाताऱ्या माणसात न्यूमोनिया पुष्कळदा असाच येतो, तापाशिवाय. पुढच्या वेळी एकाएकी असंबद्ध बोलायला लागले, तोल जायला लागला, श्वास भरभर चालला, तर थर्मामीटर बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तेव्हा मात्र आत त्यांच्यासोबत जा.

— अक्का