लोड येऊन बंद पडलेले लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट परत सुरू होतात का?

होतात, बऱ्याचदा. एका पोर्टाचे अनेक करणारा हब लावून त्याला दोन हार्डडिस्क जोडल्या, 'पॉवर सर्ज'चा मेसेज आला, डावीकडचे दोन्ही पोर्ट गेले आणि दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. हेच आमच्या घरी झालं होतं, म्हणून राहवलं नाही.

यूएसबी 2.0 पोर्टने 500 मिलीअँपिअर द्यायचे, 3.0 ने 900. त्याहून फार जास्त ओढलं की मागची पॉवर स्विचची आयसी (छोटी चिप) नाहीतर आपोआप सावरणारा फ्यूज 5 व्होल्टची लाइन तोडतो. म्हणजे पोर्ट जळला नाही, वाचवला गेला. शिफ्ट दाबून शटडाउन करा (नुसत्या शटडाउनने विंडोज हल्ली पुरतं बंद होत नाही), चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा आणि मग चालू करा. कितीतरी पोर्ट एवढ्यावर उठतात.

ताईच्या लॅपटॉपचे उठले नाहीत. आमच्या दाजींचं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, फॉरमॅट. मी सांगत होतो, दाजी, बायोसच्या स्क्रीनवरसुद्धा माउसचा लाल दिवा लागत नाहीये, विंडोज अजून सुरूच झालेलं नाही, त्याचा काय दोष? ऐकतील तर शपथ. फॉरमॅट झालं, ताईच्या फाइल परत भरण्यात वेळ गेला, पोर्ट मेलेलेच. मग दुकानात नेला. तिथे झाकणही न उघडता निदान झालं, मदरबोर्ड.

मी टॉर्च घेऊन पोर्टात बघितलं. आतल्या प्लास्टिकच्या जिभेवर चार पट्ट्या असतात, त्यातली कडेची, 5 व्होल्टची, वर उचकटून बाहेरच्या पत्र्याला टेकलेली. पत्रा म्हणजे ग्राउंड. सरळ शॉर्ट! बॅटरी सोडवून लाकडी टूथपिकने पट्टी जागेवर दाबली आणि दोन्ही पोर्ट चालू. दोन्ही का? तर शेजारच्या पोर्टांना पुष्कळदा एकच स्विच असतो, एकाच्या शॉर्टने दुसराही उपाशी. दाजींचं म्हणणं, फॉरमॅटचा गुण उशिरा आला.

तेव्हा दुकानदाराला एकच विचारा: पोर्टावर 5 व्होल्ट येतात का, मीटर लावून बघितलं का? नसेल बघितलं तर लॅपटॉप उचलून दुसरीकडे न्या. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये एका बाजूचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर, पट्टी केबलने जोडलेले असतात. तेवढाच बोर्ड बदलता येतो.

हां, 5 व्होल्ट येतायत पण काहीच ओळखलं जात नाही, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून यूएसबी कंट्रोलर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करून बघा. तरीही नाहीच, तर डेटा लाइन किंवा मदरबोर्डवरचा चिपसेट गेला असण्याची शक्यता आहे, तिथे दुकानदार खरा ठरू शकतो. वॉरंटी असेल तर काहीच उघडू नका. जळका वास येत असेल तर चालूही करू नका. आणि हब पुढच्या वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेलाच घ्या, दोन हार्डडिस्क लॅपटॉपच्या जिवावर चालवायच्या नसतात.