वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरवर टायनी कोअर लिनक्सची सोळावी आवृत्ती टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयात दोन जुनी मशीनं आहेत. एक ॲटम एन२७० प्रोसेसरचं नेटबुक, १ जीबी रॅमचं. दुसरा पेंटियम ड्युअल कोअर ई५३०० चा डेस्कटॉप, २ जीबीचा. दोन्हींवर विंडोज आता चालत नाही म्हणण्याइतकं हळू झालंय. विंडोजच्या जागी चालणाऱ्या टायनी कोअर लिनक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती २३ एमबीत मावते असं तुम्ही वाचलंत. तर ती टाकून पुस्तकांची नोंद मराठीत करता येईल का, सभासदांना पुस्तकं शोधता येतील का, आणि असलं लिनक्स वापरतं तरी कोण?

माझं उत्तर: नेटबुकवर जरूर टाका, डेस्कटॉपवर टाकू नका. मी वेंगुर्ल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि टायनी कोअर माझ्या रोजच्या वापरात बरीच वर्षं आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आधी त्या २३ एमबीबद्दल. टायनी कोअर सुरू केलं रॉबर्ट शिंगलडेकर यांनी. त्याआधी ते डॅम स्मॉल लिनक्स या दुसऱ्या छोट्या लिनक्सवर काम करत होते, ते लिनक्स ५० एमबीत बसवायचा आग्रह असायचा. २००९ च्या सुरुवातीला टायनी कोअरची पहिली आवृत्ती आली. आजही ते तीन रूपांत मिळतं. नुसतं ‘कोअर’ म्हणजे काळी स्क्रीन आणि कमांड, १७ एमबी. ‘टायनी कोअर’ म्हणजे त्यावर खिडक्या आणि माउस, २३ एमबी. तिसरं ‘कोअर प्लस’, अडीचशे एमबीच्या आसपास, त्यात वाय-फायचं सामान, परदेशी कीबोर्ड आणि इन्स्टॉल करायचं साधन येतं. तुम्ही हे तिसरंच डाउनलोड करा. २३ एमबीच्या आकड्याला भुलून मधलं घेतलंत तर वाय-फाय लागणार नाही, आणि वाय-फायचं सामान उतरवायला तुमच्याकडे वाय-फाय नसेल.

ब्राउझर, छपाई, फॉन्ट, स्प्रेडशीट यांतलं काहीही त्या २३ एमबीत नाही. जे हवं ते एक्स्टेन्शन म्हणून, म्हणजे वरून जोडायची वेगळी फाइल म्हणून, तुम्ही आणायचं. एका ब्राउझरनेच सगळी मूळ सिस्टिम आकाराने कितीतरी मागे टाकली जाते. म्हणजे तुमचं वाचनालयाचं मशीन २३ एमबीचं राहणार नाही, काही शे एमबीचं होईल. त्यात वाईट काही नाही. फक्त त्यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही मागितलेली असते, हा फरक महत्त्वाचा.

सोळावी आवृत्ती २०२५ मध्ये आली. तिच्यात लिनक्सचं ६.१२ कर्नल (सिस्टिमचा गाभा) आहे, जे दीर्घकाळ सांभाळलं जाणाऱ्या मालिकेतलं आहे. त्याखालच्या मूळ लायब्रऱ्या आणि कंपायलरही नव्याने बांधलेत. डोळ्यांना मात्र पंधरा आणि सोळा यांत फरक दिसत नाही: तोच निळसर डेस्कटॉप, तळाशी तीच आयकॉनची पट्टी. टायनी कोअर वापरणाऱ्या माणसाला हेच हवं असतं. दोन वर्षांपूर्वी शिकलेलं आजही तसंच लागू पडतं, आणि नवीन कर्नलमुळे सुरक्षेचे दोष तेवढे मागे सुटतात. मला या प्रकल्पाबद्दल आदर वाटतो तो याच कारणाने.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लोक टायनी कोअरकडे वेगासाठी बघतात. आपल्या किनाऱ्यावर त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: लाईट गेली तरी ते बिघडत नाही.

जून लागला की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लाईट दिवसातून कितीदा जाते-येते, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असते, आणि नेटबुकची स्वतःची बॅटरी एव्हाना मेलेलीच असणार. विंडोज असो की नेहमीचं लिनक्स, सिस्टिम चालू असताना डिस्कवर सतत काही ना काही लिहीत असते. नेमकं त्या क्षणी लाईट गेली की फाइली अर्धवट राहतात. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या मशीनांत ‘कालपासून सुरूच होत नाही’ ही तक्रार म्हणूनच सर्वांत जास्त असते. टायनी कोअर सुरू होताना स्वतःला पूर्ण रॅममध्ये उलगडतं. एक्स्टेन्शनच्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या जोडल्या जातात, त्यांत काही लिहिलं जात नाही. त्यामुळे लाईट गेली, आली, बटण दाबलं, की मशीन काल होतं त्याच ताज्या अवस्थेत उभं राहतं. वाचनालयात येणाऱ्या मुलांनी सेटिंग बदलून ठेवलं तरी बंद-चालू केल्यावर सगळं जागच्या जागी येतं.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की लक्षात ठेवा. तुम्ही केलेला बदल आपोआप जपला जात नाही. बंद करताना बॅकअपचा पर्याय निवडला तरच तो एका फाइलमध्ये बांधला जातो आणि पुढच्या वेळी परत उलगडतो. तिथे ‘सेफ’ असाही पर्याय आहे, तो आधीच्या बॅकअपची एक प्रत राखतो. तोच वापरा, कारण बॅकअप लिहिला जात असतानाही लाईट जाऊ शकते. आणि रोजच्या कामाच्या फाइली या बॅकअपमध्ये कोंबू नका, तो फुगत जातो आणि मशीन बंद व्हायला वेळ लागतो. त्या थेट डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

खाऱ्या हवेचाही यात संबंध आहे. नेटबुकची हार्ड डिस्क गेलेली असेल किंवा जायच्या बेतात असेल तर ती काढूनच ठेवा; टायनी कोअर पेन ड्राइव्हवरून मजेत चालतं. पूर्ण सिस्टिम म्हणजे मोजक्या फाइली, त्यामुळे तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर करून कपाटात ठेवता येते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर आमच्याकडे मोबाइलला रेंज नव्हती, ब्रॉडबँड तर विचारूच नका. तेव्हा ज्या एका दुकानाचं बिलांचं मशीन मी असल्या जोड-पेन ड्राइव्हवरून उभं केलं, त्याला इंटरनेटची गरजच पडली नाही. तुम्हीही एक्स्टेन्शन उतरवायचं काम गावात हॉटस्पॉटवर करू नका. जिथे फायबर आहे तिथे बसून सगळं एकदम उतरवा आणि पेन ड्राइव्ह घेऊन जा. एका एक्स्टेन्शनला लागणारी बाकीची एक्स्टेन्शनं त्याचं ॲप्स नावाचं साधन स्वतः शोधून आणतं.

(मशीन सुरूच होत नसेल तर काही टाकण्याआधी रॅमची पट्टी काढून तिच्या पिनांवर शाळेतलं खोडरबर हलकेच फिरवा. किनाऱ्यावरच्या गावांत अर्धी मशीनं एवढ्यानेच जागी होतात.)

आता मराठी. इथे जपून पावलं टाकायला हवीत आणि याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही म्हणून नीट सांगतो. टायनी कोअरच्या खिडक्या, मेनू आणि स्वतःची साधनं एफएलटीके नावाच्या छोट्या टूलकिटवर (खिडक्या, बटणं, अक्षरं स्क्रीनवर काढणाऱ्या तयार कोडवर) बांधलेली आहेत. लहान राहण्यासाठी ते योग्यच आहे, पण त्याच्या जुन्या १.३ मालिकेत देवनागरीची जोडाक्षरं जुळवण्याची सोय नाही. अक्षरं एकामागून एक मांडली जातात, ‘ग्रंथालय’मधला ग्र फुटतो, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसते. डिलो नावाचा फार हलका ब्राउझर आहे, जुन्या मशीनसाठी सगळे त्याचंच नाव सुचवतात. तोही एफएलटीकेवरच आहे, म्हणून मराठीसाठी त्याचा उपयोग नाही. जीटीके हे दुसरं, मोठं टूलकिट वापरणारी सॉफ्टवेअरं मात्र पँगो आणि हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्रऱ्यांच्या मदतीने जोडाक्षरं बरोबर जुळवतात. फायरफॉक्स ब्राउझर, न्यूमेरिक हे स्प्रेडशीट, अबीवर्ड हे लेखनाचं सॉफ्टवेअर यांत मराठी व्यवस्थित दिसतं. फॉन्ट म्हणून नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा लोहित घ्या. होम फोल्डरच्या आत फॉन्टसाठीचं लपलेलं फोल्डर करून त्यात टाकले तरी पुरतं, फक्त नंतर बॅकअप घ्या.

टंकलेखनासाठी अजून एक पायरी. टायनी कोअरचा मूळचा ग्राफिक्स सर्व्हर अगदी साधा आहे, मराठी लेआउट हवा तर एक्सऑर्गचं एक्स्टेन्शन चढवावं लागतं. मग इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण लेआउटही मिळतो आणि उच्चारानुसार टाइप करायचा कगप लेआउटही. हे सगळं जमतं, मी केलंय. पण ज्या मशीनवर तुमचे ग्रंथपाल रोज दोन-तीन तास नोंदी करणार, तिथे एवढी जुळवाजुळव त्यांच्या गळ्यात मारू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून डेस्कटॉपवर अँटीएक्स हे दुसरं लिनक्स टाका. डेबियन या मोठ्या लिनक्सवर आधारलेलं आहे, सिस्टिमडीशिवाय (बहुतेक लिनक्समध्ये बाकी सेवा सुरू करणाऱ्या भागाशिवाय) चालतं, आणि जुन्या मशीनांसाठीच बनवलेलं आहे. ई५३०० हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे, तेव्हा ६४ बिटचीच आवृत्ती घ्या. त्यात लिबरऑफिस तयार मिळतं, मराठी कीबोर्ड मेनूतून जोडता येतो. बोर्ड घेत असेल तर जुन्या बाजारातून डीडीआर२ रॅमची पट्टी आणून ४ जीबी करा, सातबारा उतारा काढायला येणाऱ्यांसाठी ब्राउझर उघडला तरी मग अडचण येणार नाही. या मशीनला मात्र यूपीएस हवाच.

नेटबुकचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे, आणि तिथे वेळ कमी उरलाय. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं. फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्स सोडलं. ईएसआर १४०, म्हणजे त्याची जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती, तेवढं २०२६ मध्ये काही काळ सांभाळलं जाणार आहे. टायनी कोअर सोळाव्या आवृत्तीतही ३२ बिटवर ठाम आहे, त्याला ४८६ हा फार जुना प्रोसेसर सुद्धा चालतो. पण ब्राउझर बाहेरून येतो, त्याला टायनी कोअरचे लोक काय करणार? त्यामुळे हे नेटबुक इंटरनेटवर सोडूच नका. डेस्कटॉपवर नोंदींची यादी तयार झाली की तिचं शोधता येणारं एक साधं एचटीएमएल पान बनवून नेटबुकवर ठेवा, आणि सुरू होताच फायरफॉक्समध्ये तेच पान उघडेल अशी सोय करा. लेखकाचं नाव टाका, पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते दिसेल. १ जीबी रॅम एका पानाला पुरेशी आहे, शिवाय टायनी कोअर रॅमच्याच एका भागात दाबून भरलेला स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची राखीव जागा) मुळातच चालू ठेवतं.

‘वापरतं कोण’ याचं उत्तर यातच थोडंसं आलं. एका मशीनला एकच काम द्यायचं आहे आणि ते वर्षानुवर्षं न कुरकुरता व्हायला हवं, अशी ही माणसं. विंडोज आणि मॅकवर डॉकर (सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) चालवायला पूर्वी जे बूटटूडॉकर होतं ते टायनी कोअरवरच उभं होतं. रास्पबेरी पाय या छोट्या, एका पट्टीवरच्या कॉम्प्युटरवर गाणी वाजवणारं पायकोअरप्लेअर त्याच घराण्यातलं आहे. नेटवर्किंग शिकणारे जीएनएस३ या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये खोटे कॉम्प्युटर जोडताना ते वापरतात, कारण एका लॅपटॉपवर असे डझनभर सहज बसतात. आणि आमच्यासारखे, ज्यांना आपल्या मशीनवर काय काय चाललंय याचा पूर्ण हिशेब स्वतःला ठाऊक असावा असं वाटतं. संख्येने आपण थोडे आहोत. मराठीतून विचारणारे तर फारच थोडे, म्हणून तुमचा प्रश्न पाहून आनंद झाला.

कशालाही हात लावण्याआधी एक काम करा. जुन्या नोंदी कुठल्या फॉन्टमध्ये आहेत ते बघा. मंगल किंवा निर्मला असेल तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत आहेत, काळजी नको. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर लिनक्सवर त्या रोमन अक्षरांचा खिचडा दिसेल. विंडोज चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि दहा-वीस नोंदी छापील रजिस्टरशी ताडून पाहा, विशेषतः ‘ऱ्या’ आणि ‘ज्ञ’ असलेली नावं. विंडोज पुसल्यावर हे काम दसपट अवघड होतं.

पुढे सतरावी आवृत्ती घ्याल तेव्हा जुन्या एक्स्टेन्शनच्या फोल्डरमध्येच नवीन भरू नका. वाय-फायसारखी जी एक्स्टेन्शनं कर्नलशी बांधलेली असतात त्यांच्या नावातच कर्नलचा आकडा असतो, ती दुसऱ्या कर्नलवर चालत नाहीत. नवीन आवृत्तीला वेगळं फोल्डर करा आणि बूटच्या मेनूत जुनी ओळ तशीच राहू द्या, म्हणजे नवीन अडलं तर वाचनालय बंद पडणार नाही.

नेटबुकचं वाय-फाय कार्ड कुठल्या कंपनीचं आहे तेवढं विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघून इथे खाली लिहा. एक्स्टेन्शनं उतरवण्यापुरतं तरी ते लागेल, त्याचं नेमकं फर्मवेअर (कार्ड चालवणारी फाइल) कुठलं ते मी सांगतो.