पार्सल आलं की मजा संपते, असं का?

प्रश्न : ताई, कार्टमध्ये वस्तू टाकताना मला जाम भारी वाटतं, मग ऑर्डर कुठवर आली ते सारखं बघत बसते आणि पार्सल घरी आलं की ते फोडायचाच कंटाळा येतो. मूड ऑफ असला की तर हमखास काहीतरी घेते. नवरा म्हणतो तुला वेड लागलंय. खरंच काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर : वेडबिड काही नाही, नवऱ्याला आधी हे वाचायला द्या. तुमची मजा वस्तूत नाहीच, ती वाट बघण्यात आहे. डोपामिनला आपण सरसकट आनंदाचं केमिकल म्हणून मोकळे होतो, पण मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी तपासल्या तेव्हा वेगळंच दिसलं, सुरुवातीला ज्यूस मिळाला की पेशी उसळायच्या, पण अमुक खूण दिसली की ज्यूस येतो हे माकडाला पाठ झाल्यावर त्या खूण दिसल्यावरच उसळायला लागल्या आणि प्रत्यक्ष ज्यूस आला तेव्हा ढिम्म! तुमच्या बाबतीत ती खूण म्हणजे 'ऑर्डर निघाली' हा मेसेज. मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज तर कधीपासून सांगतायत की एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि मिळाल्यावर ती आवडणं, मेंदूत ही दोन कामं वेगवेगळी चालतात. त्यामुळे बंद पार्सल बघून स्वतःला आळशी म्हणू नका.

आता मूडचं. ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणारे स्कॉट रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली यावर प्रयोग छापले. उदास असताना आपल्या हातात काहीच नाही असं वाटत असतं ना, तर हे घेऊ की ते घेऊ हे ठरवताना निदान तेवढं तरी आपल्या हातात येतं आणि उदासी थोडी उतरते. गंमत म्हणजे खोटीखोटी निवड केली, पैसे दिलेच नाहीत, तरी फरक पडला. म्हणजे कार्ट भरा आणि तशीच सोडून द्या, बराचसा फायदा फुकटात! रागावर मात्र हा उपाय चालला नाही, तेव्हा भांडण झाल्यावर मोबाईल हातात घेऊ नका.

राहिला प्रॉब्लेमचा प्रश्न. कर्ज होतंय, बिलं लपवावी लागतायत, थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा, त्यावर उपचार आहेत. नसेल तर निवांत राहा.

प्रश्न : सेल लागला की नको असलेल्या वस्तूही मी का घेतो?

उत्तर : कारण तुम्ही वस्तू घेतच नाही, सूट घेता! अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1985 सालीच मांडलं होतं की वस्तू वापरण्याचं सुख वेगळं आणि सौदा चांगला जमला याचं सुख वेगळं, दुसरं इतकं गोड असतं की पहिल्याचा विचारच राहून जातो. त्यात कार्डाने पैसे देताना खिसा हलका झाल्याचं फारसं जाणवतही नाही. खोडलेली जुनी किंमत विकणारे मुद्दाम ठळक ठेवतात ती याचसाठी. पुढच्या वेळी तो आकडा बोटाने झाकून बघा, उरलेल्या किमतीत ती वस्तू तुम्हाला हवी आहे का.