वाचकांचे प्रश्न : एकतिसाव्या वर्षी पहिला सामना

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त अ‍ॅडलेडला राहते. फोनवर बोलताना ती तिथल्या एरिन फिलिप्स या खेळाडूचे नाव वारंवार घेते. या बाई आधी बास्केटबॉल खेळत आणि तिशी उलटल्यावर फुटबॉलमध्ये आल्या, असे ती सांगते. इतक्या उशिरा खेळ बदलून कोणी सर्वोत्तम कसे ठरू शकते? आणि या खेळावर तिथल्या मुलींचे पोट भरते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीचे म्हणणे खरे आहे, मात्र फिलिप्स फुटबॉलमध्ये आल्या म्हणण्यापेक्षा परतल्या म्हणणे अधिक योग्य होईल. (हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातांनी झेलत आणि पायांनी लाथाडत खेळला जाणारा हा ऑस्ट्रेलियन रूल्सचा खेळ तिथे लाडाने ‘फुटी’ म्हणून ओळखला जातो.) त्यांचे वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट अ‍ॅडलेड क्लबचे नामांकित खेळाडू होते आणि त्या संघाच्या आठ विजेतेपदांत त्यांचा वाटा होता. अशा घरातली ही मुलगी लहानपणी मुलांच्या संघातून खेळत असे. परंतु वयाच्या तेराव्या वर्षी नियमाने ती वाट बंद झाली, आणि पुढे मुलींसाठी व्यावसायिक स्पर्धाच नसल्यामुळे तिने बास्केटबॉल धरला.

तिथेही त्यांनी दुय्यम काही केले नाही. 2006 मध्ये जागतिक अजिंक्यपद, 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकचे रौप्यपदक, आणि अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये 2012 साली इंडियाना व 2014 साली फिनिक्स या संघांसोबत विजेतेपद, एवढे यश पदरी असताना फेब्रुवारी 2017 मध्ये महिलांच्या फुटीची राष्ट्रीय लीग सुरू झाली. तेव्हा फिलिप्स 31 वर्षांच्या होत्या. अ‍ॅडलेड क्रोजच्या सहकर्णधार म्हणून त्या मैदानात उतरल्या, पहिल्याच हंगामात संघ जिंकला आणि पंचांच्या मतांवर ठरणारा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला. माझ्या मते यात चमत्कार फारसा नाही. लाथ मारण्याची आणि चेंडू कुठे पडेल हे ओळखण्याची सवय बालपणीच अंगी मुरलेली होती; गर्दीत जागा शोधणे, धक्के पचवणे आणि व्यावसायिक शिस्तीने सराव करणे हे बास्केटबॉलने दिले. नव्या लीगमधल्या बहुतेक जणींकडे तेव्हा यातली शेवटची गोष्ट नव्हती, कारण ती त्यांना कोणी पैसे देऊन शिकवलीच नव्हती.

2019 चा अंतिम सामना मात्र सविस्तर सांगायला हवा. अ‍ॅडलेड ओव्हलवर 53,034 प्रेक्षक आले होते आणि कार्लटनविरुद्ध क्रोजची बाजू भक्कम होती. तिसऱ्या सत्रात फिलिप्स यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. तेव्हा प्रतिस्पर्धी संघाच्या खेळाडूही त्यांना धीर द्यायला जवळ आल्या आणि सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवू लागले. क्रोजने तो सामना 45 गुणांनी जिंकला, आणि शेवटपर्यंत न खेळताही सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू त्याच ठरल्या. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्यांनी पुन्हा मिळवला. तेहतिसाव्या वर्षी अशी दुखापत झाली की बहुतेक जण थांबतात. त्या परतल्या आणि एप्रिल 2022 मध्ये त्यांनी तिसरे विजेतेपद पाहिले. त्याच वर्षी पोर्ट अ‍ॅडलेडचा महिला संघ स्थापन झाला आणि वडिलांच्या क्लबचे पहिले कर्णधारपद त्यांच्याकडे आले. 2023 मध्ये त्या निवृत्त झाल्या.

आता पोटापाण्याचा प्रश्न. पहिल्या हंगामात बहुसंख्य खेळाडूंचे मानधन 8,500 ऑस्ट्रेलियन डॉलर आणि मोजक्या नावाजलेल्या खेळाडूंचे 27,000 डॉलर होते. एवढ्यावर वर्ष निघणे अशक्य असल्याने अनेक जणी दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत. ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झालेल्या हंगामात किमान रक्कम 39,184 आणि कमाल 71,935 डॉलरवर गेली. त्यानंतर 2023 मध्ये पुरुष व महिला खेळाडूंसाठी मिळून एकच करार झाला आणि महिलांना बारा महिन्यांची नेमणूक मिळू लागली. मला हा बदल आकड्यांपेक्षा मोठा वाटतो, कारण काही महिन्यांच्या मानधनावर ना घराचे भाडे ठरवता येते, ना मालकाकडे रजा मागता येते. तरीही पुरुषांच्या आणि महिलांच्या मिळकतीतली दरी मोठीच आहे. आपल्या मुलीला मैदानावर जायची संधी असेल, तर तिने जरूर जावे; महिलांच्या सामन्यात प्रत्येक बाजूला अठराऐवजी सोळाच खेळाडू असतात, त्यामुळे नवख्या प्रेक्षकालाही चेंडूचा माग काढणे तुलनेने सोपे जाते.